दार आणि फाटक : उपनगर, थीम पार्क आणि एकसारखेपणाचा प्रश्न

पांढुर्णा आणि सौंसर हा सातपुड्याच्या पायथ्याचा मराठी भाषक पट्टा. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत तो मध्य प्रदेशात राहिला आणि 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. येथील माणसाला एकसारखेपणा आणि वेगळेपण यांचा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि काही मोहल्ल्यांत उर्दू असा त्याचा दिवस जातो. कोणत्या ठिकाणी कोणासारखे बोलायचे आणि कोठे आपल्यासारखे बोलायचे याचा निर्णय तो दिवसातून अनेकदा घेत असतो. नागपूरहून सावनेरमार्गे सौंसरकडे आणि पुढे छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आता नवे लेआउट पडू लागले आहेत. शेतात प्रथम कमान उभी राहते, मग खडीचा रस्ता होतो, प्लॉटांना क्रमांक पडतात आणि घरे सर्वांत शेवटी येतात. घर नसताना फाटक का असावे, या साध्या प्रश्नापासून प्रस्तुत विवेचनाची सुरुवात करता येते.

उपनगरी जीवन माणसाला एका साच्यात बसवते आणि थीम पार्क हा त्या साच्याचा सणासुदीचा अवतार आहे, हे विधान पाश्चात्त्य समीक्षेत आता जुने झाले आहे. आपल्याकडील अभ्यासक ते बहुधा जसेच्या तसे उचलतात. त्याला जोडून ‘पूर्वीची चाळ मोकळी होती, पूर्वीची जत्रा खरी होती’ अशी हळहळही व्यक्त केली जाते. ही दोन्ही विधाने मराठी आणि उर्दू साहित्याच्या आधारे तपासून पाहिली तर अपुरी ठरतात, असे येथे दाखवावयाचे आहे.

अमेरिकी आरोपपत्र आणि त्यातील उणीव

दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 पासून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिट आणि पुत्रांच्या कंपनीने लेव्हिटटाउन वसवले. चार-पाच वर्षांत 17,000 हून अधिक घरे तेथे उभी राहिली. मोटारी जशा कारखान्यात जोडल्या जातात तशी ही घरे जोडली गेली. कुंपण घालायचे नाही, हिरवळ वेळच्या वेळी कापायची, असे नियम घराबरोबरच मिळत. डेव्हिड रीझमन यांचे ‘द लोनली क्राउड’ (1950) आणि विल्यम व्हाइट यांचे ‘द ऑर्गनायझेशन मॅन’ (1956) ही पुस्तके याच काळातली. शेजाऱ्याच्या नजरेवर स्वतःचे मोल ठरवणारा नवा मध्यमवर्गीय माणूस त्यांनी वर्णिला. तेव्हापासून उपनगर म्हणजे एकसाची घरे आणि एकसाची मने, हे समीकरण रूढ झाले.

या समीकरणाला महत्त्वाचा छेद समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गान्स यांनी दिला. न्यू जर्सीमधील लेव्हिटटाउनमध्ये ते 1958 पासून सुमारे दोन वर्षे स्वतः राहिले आणि 1967 मध्ये त्यांचे ‘द लेव्हिटटाउनर्स’ प्रसिद्ध झाले. घरे सारखी असली म्हणून माणसे सारखी झाली, असे त्यांना दिसले नाही. तेथील लोक भांडत होते, गट करत होते, शाळेच्या खर्चावरून वाद घालत होते. बहुतेकांना आपले घर आवडत होते आणि पूर्वीच्या दाटीपेक्षा तेथे अधिक मोकळे वाटत होते. शहरी बुद्धिवंतांनी उपनगराची केलेली टिंगल ही बरीचशी त्यांच्या स्वतःच्या अभिरुचीची टिंगल होती, हा गान्स यांच्या विवेचनाचा सारांश आजही विचार करायला लावणारा आहे.

मग एकसारखेपणा नव्हताच का? होता, पण तो दुसरीकडे होता. पहिल्या लेव्हिटटाउनच्या करारात घरकामाचे नोकर सोडून गोऱ्या वंशाबाहेरच्या कोणालाही घर वापरू देऊ नये, असे कलम होते. अशा अटी न्यायालये अमलात आणू शकत नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्ये दिला, तरी कंपनीचे विक्रीचे धोरण चालूच राहिले. 1957 च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटटाउनमध्ये मायर्स नावाचे कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले. तेव्हा घरासमोर जमाव जमला आणि खिडकीवर दगड आले. याचा अर्थ असा की हिरवळीच्या नियमाने माणसे सारखी केली नव्हती. ती आत येण्यापूर्वीच सारखी निवडलेली होती. नियम हे त्या निवडीवरचे रंगकाम होते. समीक्षकांनी रंगकामावर पुष्कळ लिहिले. निवडीवर त्या मानाने थोडे लिहिले गेले.

थीम पार्कच्या बाबतीतही हेच घडले. 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले. बाहेरचे जग दिसू नये म्हणून त्याभोवती मातीचा उंच बांध घातला गेला. प्रवेश एकाच बाजूने आणि आत शिरताच जुन्या अमेरिकी गावाची, प्रत्यक्षाहून लहान मापाची मुख्य पेठ. फ्रेंच विचारवंत झाँ बोद्रिआर यांनी 1981 मध्ये असे प्रतिपादन केले की बाहेरचे सर्व खरे आहे असे वाटावे म्हणून डिस्नेलँड खोटे म्हणून सादर केले जाते. हे विधान चमकदार आहे. पण तिकिटाच्या खिडकीचा विचार त्यात येत नाही. वॉल्ट डिस्ने यांची स्वतःची शेवटची योजना या दृष्टीने अधिक बोलकी आहे. 1966 मध्ये त्यांनी फ्लोरिडात एका खऱ्या शहराचा आराखडा मांडला. त्यात कोणाच्या मालकीची जमीन नसणार होती आणि त्यामुळे मतदानाने कारभार चालवणारा नागरिकही नसणार होता. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि 1982 मध्ये त्या नावाने शहराऐवजी एक पार्कच उघडले. पुढे 1996 पासून डिस्ने कंपनीच्या ‘सेलिब्रेशन’ या नगरात लोक राहायला आले. तेथे घराच्या शैलीची निवड होती, मात्र ठरवून दिलेल्या सहा शैलींतून. वेगळेपणसुद्धा नमुन्याच्या वहीतून निवडायचे, ही थीम पार्कची रीत तेथे राहत्या घराला लागू झाली.

दोन चित्रपटांनी हा प्रश्न समीक्षकांपेक्षा नेमका पकडला. टिम बर्टन यांच्या ‘एडवर्ड सिझरहँड्स’ (1990) मध्ये हातांऐवजी कात्र्या असलेला तरुण फिक्या रंगांच्या कॉलनीत येतो. त्याच्या कात्र्या झाडे आणि केस कापण्याच्या उपयोगी पडतात तोवर कॉलनी त्याचे कौतुक करते; एक संशय येताच त्याला हाकलते. वेगळेपणाला विरोध नाही, ते उपयोगाचे आणि निरुपद्रवी असले पाहिजे, ही कॉलनीची अट आहे. पीटर विअर यांच्या ‘द ट्रूमन शो’ (1998) चे चित्रीकरण फ्लोरिडातील सीसाइड या खऱ्याखुऱ्या आखीव गावात झाले, ही बाब अर्थपूर्ण आहे. त्याच्या शेवटी नायक रंगवलेल्या आकाशाच्या भिंतीतले एक लहानसे दार उघडून बाहेर पडतो. दार आणि फाटक यांतला फरक येथे प्रथम लक्षात येतो. ट्रूमनच्या गावाला अदृश्य फाटक होते. दार त्याला स्वतः शोधावे लागले.

चाळ : उघडी दारे आणि बंद गच्ची

आपल्याकडे उपनगराच्या एकसाचीपणाचा विषय निघाला की चाळीची आठवण निघते. पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ (1958) हे या आठवणीचे मुख्य पीठ. परंतु हे पुस्तक लक्षपूर्वक वाचले तर चाळ ही व्यक्तिस्वातंत्र्याची जागा होती असे म्हणणे कठीण जाते. ‘उपास’ मध्ये निवेदक वजन कमी करण्याचे ठरवतो आणि त्याचे शरीर ही सार्वजनिक बाब होऊन बसते. प्रत्येक शेजाऱ्याजवळ एक सल्ला आहे आणि सल्ला न मागण्याची मुभा कोणालाही नाही. घराची दारे उघडीच असतात, कारण ती लावून घेणे हाच एक गुन्हा आहे. यातून विनोद निर्माण होतो हे पु. लं.चे सामर्थ्य. तेच प्रसंग चाळीतल्या एखाद्या नव्या सुनेने सांगितले असते तर त्यांचा सूर वेगळा लागला असता, हेही मान्य केले पाहिजे.

तथापि चाळीचा एकसारखेपणा आणि नव्या सोसायटीचा एकसारखेपणा हे एक नव्हेत. सोकाजी त्रिलोकेकर, मंगेशराव हट्टंगडी, जनोबा रेगे, आचार्य बाबा बर्वे ही माणसे आपापल्या बोलीचा आणि विक्षिप्तपणाचा ठसा घेऊनच वावरतात. चाळ त्यांना टोकते, छेडते, नावे ठेवते. पण टोकता यावे म्हणून तरी त्यांना आत असू देते. भांडण हे चाळीचे माध्यम आहे आणि भांडणाला दोन वेगळी माणसे लागतात. त्याच वेळी हेही नोंदवले पाहिजे की पुस्तकातली लक्षात राहणारी बिऱ्हाडे पांढरपेशी हिंदू मध्यमवर्गातली आहेत. म्हणजे चाळीलाही एक न दिसणारी चौकट होतीच. ती कागदावर नव्हती, ओळखीपाळखीत होती.

या पुस्तकातले ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ हे प्रकरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. मालकाने कुलूप लावलेली गच्ची भाडेकरूंना खुली व्हावी म्हणून चाळ आंदोलन करते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचे विडंबन साधते. ज्यांना 1956 च्या सीमारेषेच्या पलीकडे राहावे लागले त्या सौंसर-पांढुर्ण्याच्या वाचकाला या विडंबनात आणखी एक अर्थ सापडू शकतो. कोणाची गच्ची कोणासह आणि कोणाविना, हा त्याच्या वाडवडिलांच्या दृष्टीने नुसता विनोद नव्हता. मात्र प्रकरणाचा गाभा साधा आहे. चाळकरी ज्याला एकमुखाने विरोध करतात ते एक कुलूप आहे, आणि ते कुलूप मालकाचे आहे. स्वतः कुलूप लावण्याची इच्छा अद्याप भाडेकरूंच्या मनात उगवलेली नाही. पुढच्या पिढीत ती उगवली. भाडेकरू सभासद झाला, सभासदांची कमिटी झाली आणि गच्चीची किल्ली कमिटीकडे आली. विनोदाचा सूर खाली आणणारे ‘एक चिंतन’ हे शेवटचे प्रकरण या बदलाच्या उंबरठ्यावर थांबते.

भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ (1965) ने ही बाजू अधिक कठोरपणे दाखवली. नाक्यावर उभी राहणारी त्यातली पोरे ना घराच्या आत मावतात ना समाजाच्या. अश्लीलतेच्या आरोपामुळे या कादंबरीच्या दुसऱ्या पैलूकडे फारसे लक्ष गेले नाही. नाक्यालाही स्वतःचा कडक गणवेश आहे. भाषा, शिवी, हसण्याची पद्धत यांत नाक्यावरच्या पोराला वेगळे होता येत नाही. बंडखोरांची टोळीसुद्धा एकसाची असू शकते, हे भाऊ पाध्ये कोणताही उपदेश न करता सांगतात.

‘आनंदी’ : हाकललेल्यांनी वसवलेले उपनगर

मराठी चाळीच्या शेजारी उर्दूतली एक कथा ठेवली तर हा विचार पुढे जातो. गुलाम अब्बास (1909–1982) यांची ‘आनंदी’ ही कथा उर्दूच्या अभ्यासक्रमांतून बहुपरिचित आहे. श्याम बेनेगल यांचा ‘मंडी’ (1983) हा चित्रपट तिच्यावरच आधारलेला आहे. कथेचा आरंभ नगरपालिकेच्या सभेने होतो. शहराच्या मध्यवस्तीतल्या तवायफांमुळे सभ्य कुटुंबांना त्रास होतो, म्हणून त्यांना शहराबाहेर सहा कोसांवर जागा द्यावी असे ठरते. त्या ओसाड जागी जुने अवशेष आहेत, एक मजार आहे. घरे बांधण्यासाठी मजूर येतात; मजुरांसाठी दुकान येते; दुकानामागून न्हावी, दर्जी, कबाबवाला, मशिदीचा इमाम, मग दवाखाना, शाळा, टपाल, स्टेशन. वीस वर्षांत तेथे एक संपन्न शहर उभे राहते आणि त्याला आनंदी हे नाव पडते. शेवटी त्या शहराच्या नगरपालिकेची सभा भरते. विषय तोच, भाषणे तशीच, ठराव तसाच. फक्त या वेळी अंतर बारा कोसांचे ठरते.

ही कथा ढोंगी सभ्यतेवरचा उपहास म्हणून शिकवली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु उपनगर कसे जन्मते याचा इतका अचूक अभ्यास भारतीय साहित्यात विरळा आहे, याकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. गुलाम अब्बास यांनी कोणत्याही पात्राला नायक केलेले नाही. तवायफांपैकी कोणी बोलत नाही, कोणी बंड करत नाही. निवेदन वस्तू आणि व्यवसाय मोजत जाते. व्यक्तीची ही अनुपस्थिती कथेचा दोष नसून तिचे म्हणणे आहे. शहर त्या स्त्रियांमुळे वसते आणि शहराच्या नोंदवहीत त्यांना फक्त ‘प्रश्न’ म्हणून जागा मिळते. दुसरे असे की नव्या शहरातले सभासद हे जुन्या शहरातले लोक नव्हेत. ते तवायफांच्याच आश्रयाने पोट भरून मोठे झालेले लोक आहेत. आपल्या वस्तीचा उगम विसरल्याशिवाय प्रतिष्ठा मिळत नाही, हा त्यांचा अनुभव आहे. हाकललेल्यांनी वसवलेली वस्तीसुद्धा वेळ येताच फाटक बसवते, ही गोष्ट वाचकाला अस्वस्थ करणारी आहे आणि तशी ती करावी हाच कथेचा हेतू दिसतो.

लवासा आणि खेळण्यातले जग

महाराष्ट्रात उपनगर आणि थीम पार्क यांची हद्द जिथे पुसली गेली अशी जागा म्हणजे पुणे जिल्ह्यातील मोसे खोऱ्यातले लवासा. वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी एका खासगी कंपनीने हे नगर उभे करायला घेतले. दासवे येथील त्याचा किनारा इटलीतील पोर्तोफिनो या बंदरगावाच्या नमुन्यावर रंगवला गेला. 2008 मध्ये राज्य शासनाने कंपनीकडे विशेष नियोजन प्राधिकरणाचे अधिकार दिले. निवडून आलेल्या नगराध्यक्षाच्या जागी नेमलेला व्यवस्थापक, नागरिकाच्या जागी ग्राहक, अशी ही रचना होती. वॉल्ट डिस्ने यांच्या 1966 च्या आराखड्याशी असलेले तिचे साम्य सहज ध्यानात येते. स्थानिक शेतकऱ्यांच्या जमिनींवरून आंदोलने झाली, नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, पुढच्या वर्षी अटींसह परवानगी मिळाली आणि 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

लवासावर झालेली टीका मुख्यतः पर्यावरण आणि भूसंपादन यांच्याशी निगडित होती व ती महत्त्वाचीच आहे. सांस्कृतिक टीका मात्र ‘हे इटलीचे अनुकरण आहे’ एवढ्यावर थांबली. अनुकरण हा मोठा दोष मानता येणार नाही. मुंबईचे रेल्वे स्थानक, नागपूरची विधानभवनाची इमारत, आपल्या कितीतरी शाळा परक्या नमुन्यावर बांधलेल्या आहेत आणि त्या आज आपल्या वाटतात. त्या आपल्या झाल्या कारण त्यांच्यात आपली गर्दी शिरली आणि तिने त्यांचा वापर बदलला. लवासाची अडचण अशी की त्या रंगीत किनाऱ्यावर अनाहूत गर्दीला जागा ठेवलेली नव्हती. जेथे अनपेक्षित माणूस येऊ शकत नाही, तेथे नमुना कायम नमुनाच राहतो.

थीम पार्कमध्ये हे अधिक निर्दोषपणे घडते. मुंबईजवळ गोराईला 1989 मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि मराठी मध्यमवर्गाच्या शालेय सहलींचा नकाशा बदलला. खोपोलीजवळ 2013 मध्ये इमॅजिका उघडले. तेथे ‘मिस्टर इंडिया’ (1987) या चित्रपटावर आधारलेला एक खेळ होता. मूळ चित्रपटात भाड्याच्या घरात अनाथ मुलांना सांभाळणारा एक सामान्य माणूस अदृश्य होऊन बलाढ्यांशी झुंजतो. कोणाच्या नजरेत न भरणारा माणूस हीच शक्ती आहे, अशी ती कल्पना. खेळात मात्र प्रेक्षक रांगेत बसतो, पट्टा बांधतो आणि पडद्याबरोबर सर्वांच्या खुर्च्या एकाच क्षणी एकाच बाजूला कलतात. धाडसाची भावना प्रत्येकाला स्वतंत्र मिळते. कृती करण्यास कोणालाच वाव नसतो. थीम पार्कचा आनंद खोटा असतो असे नव्हे. दिवसभर राबणारे कुटुंब एका दिवसासाठी हा आनंद विकत घेते आणि त्याला हसण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. मात्र संध्याकाळी घरी परतायचे असते म्हणून तो दिवस गोड असतो. राहण्याचे गावच तिकिटाच्या तत्त्वावर चालू लागले तर परतायचे कोठे, हा प्रश्न उरतो.

दार कोणाचे, फाटक कोणाचे

येथवरच्या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. बंद फ्लॅटमुळेच अनेकांना प्रथम स्वतःचे आयुष्य मिळाले. चाळीच्या नजरेतून सुटलेली नोकरदार स्त्री, जातीबाहेर लग्न केलेले जोडपे, एकटे राहू इच्छिणारा लेखक, यांना उपनगराच्या अनोळखीपणाने आसरा दिला. गान्स यांना लेव्हिटटाउनमध्ये दिसलेले समाधानही याच जातीचे होते. हा आक्षेप पूर्णपणे मान्य केला पाहिजे. व्यक्तित्वाला लावून घेता येईल असे दार लागते. चाळीची हळहळ करणाऱ्यांना हे दार मोलाचे वाटत नाही, कारण त्यांच्यातल्या बहुतेकांना ते कधीच नाकारले गेलेले नसते.

परंतु दार आणि फाटक यांत मूलभूत फरक आहे. दार त्या घरात राहणाऱ्याच्या हातात असते. कोणाला आत घ्यायचे हे तो ठरवतो. फाटक समूहाच्या हातात असते; त्या घरात कोणी राहायचे हेच तो समूह ठरवतो. नवे उपनगर माणसाला दार देते आणि त्याच वेळी फाटकाशी त्याचा निर्णय बांधून ठेवते. आपले घर आपण कोणाला विकावे, कोणाला भाड्याने द्यावे, स्वयंपाकघरात काय शिजावे, गॅलरीत कपडे कोठे वाळावेत, हे त्याच्या दाराच्या आतले निर्णय फाटकापाशी घेतले जातात.

या संदर्भात 2005 मधील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय अभ्यासनीय आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्या समाजापुरते मर्यादित ठेवणारी पोटनियमातील अट न्यायालयाने वैध मानली आणि संघटना करण्याच्या स्वातंत्र्याचा आधार घेतला. लहान समाजाला आपली वस्ती टिकवता यावी, या भूमिकेत तथ्य आहे. पण हेच तत्त्व बहुसंख्येच्या हाती गेले की त्याचा अर्थ पालटतो. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 2006 मध्ये, सच्चर समितीच्या अहवालाने घर घेताना किंवा भाड्याने मिळवताना मुसलमानांना येणाऱ्या अडचणींची आणि त्यातून वाढणाऱ्या वेगळ्या वस्त्यांची नोंद केली. 1992–93 च्या दंगलींनंतर मुंबईतून मुंब्र्याकडे सरकलेली कुटुंबे हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. मुंब्रा हे मौजेखातर निवडलेले उपनगर नव्हते. इतरत्र फाटके लागली म्हणून वाढलेले ते गाव आहे. ‘आनंदी’ चे सहा कोस येथे लोकलच्या स्थानकांत मोजता येतात.

मात्र येथे थांबले तर गुलाम अब्बास यांची कथा अर्धीच वाचल्यासारखे होईल. तिचा दुसरा अर्धा भाग हाकललेल्यांना उद्देशून आहे. नाकारल्या गेलेल्यांनी वसवलेल्या कॉलनीतही पुढे कमिटी होते, तिथेही पोशाखावरून, बोलीवरून, बिरादरीवरून, भाडेकरूच्या पूर्वायुष्यावरून कुजबुज सुरू होते. ज्या संस्था समाजाच्या गरजेतून उभ्या राहिल्या त्यांनीही अधूनमधून आपल्या फाटकाकडे पाहावे, असे ही कथा सुचवते. पीडित असणे हा उदार असण्याचा दाखला नव्हे, ही तिची कडू शिकवण आहे.

पुन्हा जाम नदीच्या काठी

थीम पार्कच्या कृत्रिमतेवर उतारा म्हणून जत्रेकडे बोट दाखवण्याची प्रथा आहे. पांढुर्ण्याची गोटमार या बाबतीत विचारात घेतली पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड झेंड्यासह रोवले जाते आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव अशी दगडफेक होते. झाड मिळवणारी बाजू जिंकते. जखमी होतात, प्राणही गेले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहण्याचा प्रशासनाचा प्रयत्न टिकला नाही. येथे तिकीट नाही, बांध नाही, पट्टा नाही. थीम पार्क जे भय सुरक्षितपणे विकते ते येथे विनामूल्य आणि खरे आहे. म्हणून ही जत्रा अधिक मुक्त ठरते का?

तिची सांगितली जाणारी कथा या प्रश्नाचे उत्तर देते. पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची तरुणी पळून जात होते. नदीच्या मध्यावर असताना मुलीकडच्यांनी दगड मारले, प्रतिकारासाठी मुलाकडच्यांनी मारले, आणि त्या दोघांचा पात्रातच अंत झाला. म्हणजे दोन्ही काठ सोडून स्वतःचा निर्णय घेणारी त्या दिवशी दोनच माणसे होती. जत्रेत त्यांची आठवण आहे, पण दरवर्षी पुनरावृत्ती होते ती त्यांच्या धाडसाची नव्हे, दोन्ही काठांवरच्या दगडांची. कोणी कोणत्या काठावर उभे राहायचे हे जन्माने ठरलेले असते. फाटक नसतानाही एकसारखेपणा किती घट्ट असू शकतो याचे हे उदाहरण आहे. जुने ते मोकळे आणि नवे ते बंदिस्त, अशी सोयीची वाटणी म्हणूनच करता येत नाही.

काठ, चाळ आणि फाटक ही एकसारखेपणाची तीन रूपे आहेत. काठावर माणूस जन्माने उभा असतो. ओलांडू पाहणारा दंतकथेत जातो. चाळीत तो नजरेखाली असतो. वेगळा निघाला तर त्याला टोमणे बसतात, पण त्याची जागा राहते. फाटकापाशी त्याची आधी पारख होते. वेगळा असेल तर तो आत येतच नाही, आणि आतल्यांना आपण कोणाला गमावले हे कळतही नाही. तिसऱ्या रूपात दगड दिसत नाहीत, भांडण ऐकू येत नाही, म्हणून ते सर्वांत सभ्य वाटते. समीक्षेने सर्वांत अधिक सावध राहावे ते याच रूपाबाबत.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने येथून एक सोपी गोष्ट करता येण्यासारखी आहे. ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ मराठीच्या तासाला आणि ‘आनंदी’ उर्दूच्या तासाला, असे न करता ही दोन लेखने एकत्र वाचायला द्यावीत. एकात कुलूप उघडण्यासाठी लोक एकत्र येतात, दुसऱ्यात घालवून देण्यासाठी. दोन्हींत सभा आहे, ठराव आहे, भाषणे आहेत आणि सर्वांचे एकमत आहे. विद्यार्थ्यांना विचारावे की या दोन एकमतांत फरक कोणता. पांढुर्णा-सौंसरच्या वर्गात नदीच्या एका काठाचा विद्यार्थी दुसऱ्या काठाच्या विद्यार्थ्याशेजारी बसतो, मराठी घरातला उर्दू घरातल्याशेजारी. तेथे या प्रश्नाची उत्तरे पुस्तकाबाहेरून येतील. त्यांतली काही गैरसोयीची असतील. ती वर्गात उच्चारली जाऊ देणे, म्हणजे निदान एका खोलीला दार ठेवून फाटक न ठेवणे होय.